झाड तोडण्याआधी: ते कायद्याने संरक्षित आहे का, हे क्रमाने कसं तपासावं

झाड तोडायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "आंबा आहे, चालेल का?" किंवा "गुलमोहर तर परदेशी आहे, त्याला कुठे परवानगी लागते?" चूक इथेच होते. झाडाची जात ही तपासणीची सुरुवात नाही. ते कुठल्या जमिनीवर उभं आहे, हे आधी पाहावं लागतं. आंब्याचं तेच झाड कोथरूडच्या सोसायटीत, संगमेश्वरच्या मळ्यात आणि महाबळेश्वरच्या बंगल्याच्या आवारात असेल, तर तिन्ही ठिकाणी कायदा वेगळा, कार्यालय वेगळं आणि अर्जही वेगळा.

म्हणून खालचा क्रम मोडू नका: आधी कागद, मग हद्द, मग जमिनीवरचे निर्बंध, मग जात आणि वय, आणि शेवटी अर्ज. क्रम उलटा केला की चुकीच्या कार्यालयात दोन महिने जातात. त्याहून वाईट म्हणजे, चुकीच्या कार्यालयाने दिलेली परवानगी हातात घेऊन माणूस झाड तोडतो आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो.

## टप्पा 0: "तोडणं" या शब्दात काय काय येतं

शहरांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर करवत चालवणं नाही. मुळापासून उपटणं, बुलडोझरने पाडणं, जाळणं, बुंध्याची साल गोल सोलणं, फांद्या छाटणं, शेंडा उडवणं, झाड मारणारं रसायन वापरणं, आणखी कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं त्यात धरलं जातं.

याचा व्यवहारातला अर्थ असा:

- बुंध्याला भोक पाडून हिंग, ॲसिड किंवा तणनाशक भरणं ही पळवाट नाही. तीही तोडच. वाळलेल्या झाडाच्या बुंध्यावरची भोकं पाहणीत लगेच दिसतात.
- "फक्त फांद्या छाटतोय" असं म्हणून सुटका होत नाही. शहरात छाटणीलाही पालिकेची परवानगी लागते.
- शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या गच्चीवर आली, तरी ती स्वतः तोडू नका. पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा.
- झाड मुळासकट काढून दुसरीकडे लावायचं असेल, तर पुनर्रोपणाचीही परवानगी घ्यावी लागते.

इशारा: परवानगीशिवाय तोडलेलं प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. पाच झाडं म्हणजे पाच गुन्हे. 1975 च्या कायद्यात दंडाबरोबर एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

## टप्पा 1: कागद आणि मोजमाप

कार्यालयात जाण्याआधी ही तयारी घरीच पूर्ण करा. अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा इथल्या उणिवांमुळे.

कागद. शेतजमीन असेल तर ताजा सातबारा आणि 8-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा). महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा घ्या. तिथला नुसता पाहण्यापुरता असलेला उतारा अर्जाला चालत नाही. शहरात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. गृहनिर्माण संस्था असेल तर कार्यकारिणीचा ठराव. आवारातलं झाड संस्थेचं असतं. तळमजल्यावर राहणाऱ्या सभासदाने ते स्वतः लावलं असलं, तरी अर्ज संस्थेच्या नावाने आणि पदाधिकाऱ्यांच्या सहीनेच जातो.

सातबाऱ्यावर चार नावं असतील तर चौघांची लेखी संमती लागते. मुंबईला किंवा परदेशात असलेल्या भावाची सही "नंतर आणतो" म्हणून अर्ज दिला, तर तो तिथेच अडकतो. आणि पुढे त्याच भावाने तक्रार केली तर झालेली तोडही वादात सापडते.

मोजमाप. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटर, साडेचार फूट. साधी शिंप्याची टेप चालते. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरा. त्या उंचीच्या खालीच झाड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजा आणि तसं लिहा. नेमकी त्या जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या थोडं वर मोजा.

सर्वांत जास्त होणारी गडबड म्हणजे घेराच्या रकान्यात व्यास लिहिणं, किंवा उलट. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. 150 सेंटीमीटर घेराचं झाड म्हणजे साधारण 48 सेंटीमीटर व्यासाचं. घेराच्या रकान्यात 48 लिहिलं, तर पाहणीला आलेल्या माणसाला समोर दिसतं वेगळं आणि कागदावर वेगळं, आणि अर्जाविषयीचा विश्वास तिथेच उडतो.

फोटो. प्रत्येक झाडाचे चार: पूर्ण झाड, बुंधा, पान-फूल-फळ जवळून, आणि तोडायचं कारण. भिंतीला गेलेली भेग, पोकळ बुंधा, वाळवी, कललेलं खोड, जे असेल ते. फोटोत तारीख आणि ठिकाण येईल अशी सोय ठेवा.

नकाशा. एका कागदावर हाताने काढलेला चालतो, पण त्यात रस्ता, कुंपण, इमारत आणि प्रत्येक झाडाचा क्रमांक हवा. यादीतला क्रमांक, नकाशातला क्रमांक आणि झाडावर खडूने लिहिलेला क्रमांक एकच असू द्या.

पडताळा: झाड कुंपणावर किंवा हद्दीच्या जवळ आहे का? असेल तर आधी मोजणी करून घ्या. बांधावरच्या सागावरून झालेले वाद तोडीनंतर सुटत नाहीत, कारण पुरावाच जमिनीवरून गेलेला असतो.

## टप्पा 2: हद्द कोणाची

आता ठरवा, जमीन कोणाच्या अखत्यारीत येते.

महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर 1975 चा कायदा लागतो. निर्णय वृक्ष प्राधिकरणाचा (झाडांविषयी निर्णय घेणारी पालिकेची समिती) आणि पाहणी वृक्ष अधिकाऱ्याची. मोठ्या शहरांत अर्ज उद्यान विभागात किंवा प्रभाग कार्यालयात जातो. छोट्या गावात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या. औद्योगिक वसाहतीतला भूखंड असेल तर आधी एमआयडीसीच्या कार्यालयात विचारा.

ग्रामीण भाग असेल तर महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 हा कायदा पाहायचा. इथे वनविभाग आणि महसूल या दोघांशी काम पडतं.

ग्रामपंचायतीला झाड तोडण्याची परवानगी देण्याचा अधिकार आहे, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. सरपंचाची सही असलेला ना हरकत दाखला म्हणजे ग्रामपंचायतीची हरकत नाही, एवढंच. तो परवानगीचा कागद नव्हे. लाकूड भरलेला ट्रक नाक्यावर अडवला की त्या दाखल्याची किंमत शून्य.

दुसरी चूक हद्दवाढीच्या गावांत होते. पुणे महानगरपालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. अशा गावांत शेतं अजून शेतंच दिसतात, सातबारेही चालू असतात, म्हणून लोक तहसीलमध्ये जातात. पण गाव पालिकेत गेलं त्या दिवसापासून तिथल्या झाडाला शहराचा कायदा लागतो. पुढे त्यातली काही गावं पुन्हा वेगळीही झाली. त्यामुळे कुठल्याही शहराच्या कडेला राहत असाल, तर आज आपलं गाव कुठे मोडतं हे पालिकेकडून लेखी विचारून घ्या.

रस्त्याच्या कडेचं झाड. घराच्या फाटकासमोर असलं, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं, तरी ते रस्त्याच्या मालकाचं. शहरात पालिका, बाहेर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा राष्ट्रीय महामार्ग. तुम्ही फक्त विनंती करू शकता. तोडणारे तेच, आणि त्यांनाही परवानगी लागते.

## टप्पा 3: जमिनीवर आधीच काही निर्बंध आहेत का

हा टप्पा लोक गाळतात, आणि सर्वांत मोठी प्रकरणं इथूनच उभी राहतात. झाड कुठल्याही जातीचं असो, जमिनीवर खालीलपैकी काही असेल तर आधी ते सोडवावं लागतं.

सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना. तो सावकाश, शब्द न् शब्द वाचा. "राखीव वन", "संरक्षित वन", "खाजगी वन", "भारतीय वन अधिनियम कलम 35" यांतलं काही दिसलं तर तिथेच थांबा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 खाली 30 ऑगस्ट 1975 रोजी खासगी वनं सरकारकडे गेली. ठाणे, रायगड, मुंबई उपनगर भागांत अशा नोंदी बऱ्याच वर्षांनी सातबाऱ्यावर चढल्या. आपल्या कब्जात असलेली जमीन कागदावर वन असू शकते. नोंद समजत नसेल तर त्या फेरफाराचा (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक घेऊन तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराची नक्कल काढा.

नोंद नसली तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार "वन" हा शब्द मालकी कोणाची हे न पाहता, त्याच्या रूढ अर्थाने घ्यायचा आहे. म्हणून दाट रान असलेल्या खासगी जमिनीवर सरसकट तोड करण्याआधी वनविभागाचं लेखी मत घ्या.

भोगवटादार वर्ग 2 (सरकारी शर्तींवर धारण केलेल्या), इनाम, देवस्थान जमिनी. कब्जा आहे म्हणून झाडावर पूर्ण हक्क आहे असं नाही. मूळ आदेशातल्या शर्ती पाहा आणि तहसीलदारांना लेखी विचारा. देवराईतलं झाड तर गावाने एकमुखाने ठराव केला तरी त्या ठरावावर तोडता येत नाही. आधी जमीन महसूलची, वनाची की देवस्थानची, ते काढा.

अनुसूचित जमातीचा खातेदार. त्याच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. झाडांची मोजणी आणि विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होते. व्यापाऱ्याने परस्पर रोख देऊन केलेला सौदा तिथे चालत नाही. डहाणू, जव्हार, नंदुरबार, गडचिरोली पट्ट्यात आदिवासी शेतकऱ्याला हजार-पाचशे रुपये देऊन सागाची झाडं उचलली जाऊ नयेत, यासाठीच हा कायदा आहे. असा सौदा कोणी सुचवला तर नाही म्हणा.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. डहाणू (1991 ची अधिसूचना), महाबळेश्वर-पाचगणी (2001), माथेरान (2003), शिवाय अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांभोवतीचे पट्टे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत. इथे नेहमीच्या अर्जाबरोबर जिल्हाधिकारी किंवा सनियंत्रण समितीचा (त्या क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा) टप्पा येऊ शकतो. गावाचं नाव अधिसूचनेच्या यादीत आहे का, एवढं पाहणं पुरतं. यादी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि विभागीय वन कार्यालयात मिळते.

कांदळवन. खाडीकाठची तिवरं, चिप्पी, कांदळ यांना हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि 2018 च्या अंतिम निकालाने कांदळवनाची तोड थांबवली आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. जमीन खासगी असली तरीही. या बाबतीत पालिकेचा किंवा तहसीलचा कागद पुरेसा होत नाही.

घरटी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. झाडाची परवानगी हातात असली तरी वर बगळ्यांची वसाहत असेल तर थांबा. पिल्लं उडेपर्यंत दोन-तीन महिने जातात, तेवढे जाऊ द्या.

पडताळा: वरच्या सहाही गोष्टींसमोर "नाही" असं लिहिता आलं, तरच पुढे जा. एखाद्या ठिकाणी "माहीत नाही" असेल तर ते "आहे" असं धरा.

## टप्पा 4-अ: ग्रामीण भागात जात पाहा

1964 च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. त्यात ही झाडं आहेत: साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि कांदळवनातली झाडं. यांतलं झाड स्वतःच्या मळ्यात, स्वतः लावलेलं असलं तरी लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. जळावू लाकडासाठीसुद्धा.

वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब या यादीत नाहीत, हे वाचून अनेकांना धक्का बसतो. पण यादीत नाही म्हणजे मोकळं रान नव्हे. टप्पा 3 मधले सगळे निर्बंध त्यांनाही लागतात, आणि लाकूड वाहून नेण्याचे नियम वेगळे आहेतच.

खरी अडचण नावांची असते. एकच नाव दोन जिल्ह्यांत दोन झाडांना असतं, आणि अर्जात चुकीचं नाव गेलं की परवानगी त्या चुकीच्या झाडाची मिळते.

- बिजा म्हणजेच बिवळा, काही भागांत असाणा. सालीला घाव घातला की लाल रस येतो, म्हणून त्याला रक्तचंदन समजतात. रक्तचंदन त्याच कुळातलं पण वेगळं झाड आहे. खात्री नसेल तर किमतीचा अंदाज बांधत बसू नका, वनरक्षकाला बोलवा.
- तिवस आणि तिवर. तिवस डोंगरातलं, मजबूत लाकडाचं झाड. तिवर खाडीतलं. ऐकताना घोटाळा होतो, लिहिताना करू नका.
- अंजन आणि अंजनी. अंजन खानदेशातल्या कोरड्या डोंगरांवरचा मोठा वृक्ष, जोडपानांचा. अंजनी सह्याद्रीच्या माथ्यावरचं लहान, निळ्या-जांभळ्या फुलांचं झाड.
- ऐन आणि किंजळ. दोन्ही अनुसूचीत आहेत, पण यादीत वेगवेगळे लिहा. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते.
- खैर आणि बाभूळ. खैराचे काटे जोडीने आणि आकड्यासारखे वाकलेले, बाभळीचे सरळ, लांब, पांढरट. "बाभळीच तोडल्या" म्हणताना ट्रकमध्ये खैर निघाला, की ते प्रकरण साधं राहत नाही.
- हळदू म्हणजे हेद. पानं हृदयाच्या आकाराची, लाकूड पिवळसर.

झाड अनुसूचीबाहेरचं असेल तरी एक काम करा. वनक्षेत्रपालांना (वनविभागाच्या रेंजरना) झाडांची यादी, गट क्रमांक आणि फोटो देऊन "ही झाडं अनुसूचीत नाहीत, तोड करत आहोत" असं पत्र द्या आणि पोच घ्या. यात एक दिवस जातो, पण पुढे कोणी तक्रार केली तर हीच पोच उपयोगी पडते.

## टप्पा 4-ब: शहरात जात नव्हे, वय पाहा

शहरात जातीची यादीच नाही. गुलमोहर, वर्षावृक्ष (रेन ट्री), सुबाभूळ, नारळ, शेवगा, कुठलंही झाड असो, परवानगी लागतेच. "परदेशी झाड आहे", "फळझाड आहे", "वाळलेलं आहे" ही तिन्ही कारणं अर्जात मांडण्याची आहेत. त्यांमुळे अर्ज टळत नाही. झाड मेलेलं किंवा रोगट असणं, जीविताला धोका असणं, रहदारीला अडथळा असणं, अशा कारणांनी परवानगी मिळणं सोपं होतं, पण ते ठरवायचं वृक्ष प्राधिकरणाने.

2021 च्या सुधारणेने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. अशा झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात: 60 वर्षांच्या वडाला 60 झाडं. म्हणून इमारतीचा आराखडा काढण्याआधी वय पाहा, नंतर नव्हे. आराखड्यात खांब दोन मीटर सरकवणं पहिल्या दिवशी सोपं असतं. पाया खणल्यावर तेच काम महिने खातं.

वय कसं काढायचं? जुने फोटो, इमारतीचा जुना मंजूर नकाशा, पालिकेच्या वृक्षगणनेतली नोंद, आणि घेर. घेरावरून काढलेलं वय फक्त अंदाज असतो, कारण वर्षावृक्ष वीस वर्षांत अफाट वाढतो आणि चिंच त्याच काळात बेताची राहते. अर्जात वय मुद्दाम कमी लिहू नका. वृक्षगणनेतली नोंद प्राधिकरणाकडे आधीच असते.

## टप्पा 5: अर्ज, आणि त्यानंतरचे 60 दिवस

अर्जात या गोष्टी हव्यातच: अर्जदाराचा मालकीहक्क, झाडांची क्रमांकवार यादी (नाव, घेर, अंदाजे उंची, वय), प्रत्येक झाडाचं स्वतंत्र कारण, नकाशा, फोटो, संमतीपत्रं किंवा ठराव, आणि बदल्यात झाडं कुठे लावणार ती जागा. "सर्व झाडे धोकादायक आहेत" असं एकच वाक्य बाराही झाडांना लिहिलं, तर पाहणीत दहा झाडं निरोगी निघतात आणि उरलेल्या दोन खरोखर धोकादायक झाडांवरही शंका येते.

शहरात पुढचा क्रम असा: वृक्ष अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतात आणि झाडावर नोटीस लावतात. हरकती येऊ शकतात. अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत प्राधिकरणाने निर्णय द्यायचा असतो. परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस झाड तोडता येत नाही. हरकत घेणाऱ्यांसाठी तो काळ राखलेला आहे.

म्हणजे हिशोब सरळ आहे. काम सुरू करायच्या किमान तीन महिने आधी अर्ज द्या. पावसाळ्याआधीची छाटणी हवी असेल तर फेब्रुवारीत द्या. मे महिन्याच्या शेवटी अर्जांची रांग लागते.

इशारा: 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच, असं लोक धरून चालतात. कलम 8 मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे खरी, पण तिच्या भरवशावर करवत चालवण्याआधी अर्जाची पोच, तारीख आणि अपुरी कागदपत्रं मागणारं पत्र मध्ये आलं नव्हतं ना, हे तपासा. मग प्राधिकरणाला लेखी कळवा, उत्तराला आठवडाभर द्या, आणि वकिलाला कागद दाखवा.

ग्रामीण भागात अर्ज सहसा वनक्षेत्रपालांकडे जातो. सातबारा, 8-अ, गावनकाशा, हद्द निश्चितीचा कागद, झाडांची यादी आणि संमतीपत्रं जोडा. शेजारी वनजमीन असेल तर भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून ती आधीच करून घ्या. पाहणीत वनपाल झाडं मोजून त्यांवर खूण करतात. खूण नसलेलं एकही झाड तोडू नका, मग ते दोन खुणांच्या झाडांमध्ये अडलेलं असलं तरी.

पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. गडी किंवा ठेकेदार पाठवू नका. अधिकाऱ्याने काय पाहिलं आणि काय विचारलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

## टप्पा 6: परवानगीचा कागद वाचा

कागद हाती आला की लोक थेट ठेकेदाराला फोन करतात. आधी हे पाहा:

1. परवानगी तोडीची आहे, छाटणीची की पुनर्रोपणाची?
2. झाडांचे क्रमांक तुमच्या यादीशी जुळतात का? बारा मागितली आणि सातच दिली असतील, तर कुठली सात?
3. मुदत कधी सुरू होते आणि कधी संपते?
4. अनामत रक्कम, बदली झाडांची संख्या, उंची आणि मुदत काय?
5. लाकूड कोणाचं, याबद्दल काही अट आहे का?

ठेकेदाराला मूळ कागद देऊ नका, प्रत द्या. तोडायच्या झाडांवर रंगाने क्रमांक टाका आणि राखायच्या झाडांना कापडाची पट्टी बांधा. परवानगीची प्रत जागेवर, दिसेल अशी लावा. पोलीस किंवा शेजारी आले तर वाद तिथेच मिटतो. विजेची तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय माणूस झाडावर चढवू नका.

## टप्पा 7: लाकूड हलवण्याआधी

तोडीची परवानगी आणि वाहतुकीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ठाऊक नसल्यामुळे सगळं नियमाने करून शेवटी ट्रक जप्त होतो.

लाकडाची मोजणी, हातोड्याची निशाणी (लाकडावर ठोकलेली वनविभागाची खूण) आणि वाहतूक पास हे वनविभागाकडून घ्यायचे. काही जातींना पासातून सूट आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. सुबाभूळ किंवा निलगिरी आहे म्हणून गाडी भरू नका, आधी आपल्या वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारा. पासवर गाडीचा क्रमांक, मार्ग आणि मुदत असते. गाडी बिघडून दुसरी घ्यावी लागली तर पासही बदलून घ्या. रात्री निघायचा मोह टाळा.

## झाड आत्ताच पडायला आलं असेल तर

वादळात झाड कललं, मूळ उचललं, घरावर टेकलं, तर साठ दिवस थांबायचं नाही. आधी माणसं हलवा. मग अग्निशमन दल (101) किंवा पालिकेचा आपत्कालीन कक्ष, मुंबईत 1916. तक्रार क्रमांक लिहून घ्या, सर्व बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा, शेजारच्या दोघांच्या सह्यांनी घटनेची नोंद करा. गावात तलाठी आणि वनरक्षकाला कळवून पंचनामा मागा. पंचनामा होण्याआधी पडलेल्या झाडाचे ओंडके विकू नका. वाट मोकळी करण्यापुरतं बाजूला करा, तेवढंच.

## गोव्यात असाल तर

गोव्याला 1984 चा वेगळा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे वृक्ष अधिकारी वनखात्याचा असतो आणि महाराष्ट्राची अनुसूची लागू नाही. माडाबाबत विशेष लक्ष द्या: 2016 मध्ये माड वृक्षाच्या व्याख्येतून काढला गेला आणि 2017 मध्ये परत आणला गेला. 2016 च्या बातम्या वाचून कोणी "माडाला परवानगी लागत नाही" असं सांगत असेल, तर ती माहिती जुनी आहे. सिंधुदुर्गातला नियम सीमेपलीकडे पेडण्यात लावू नका, आणि पेडण्यातला इकडे.